पडलेला काना

आमच्या मराठी विभागात काचेच्या दारांचं एक लोखंडी कपाट आहे. त्याला कुलूप असतं. बाहेरून दिसतात तेवढी पुस्तकं मी मोजली: एकशे सोळा. त्यांत कोशांचे एकवीस खंड, चौदा गौरवग्रंथ, सरांना भेट आलेले अकरा कवितासंग्रह आणि एकाच चरित्राच्या नऊ प्रती. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला नेमलेली पुस्तकं बारा. त्यांतली पाच कपाटात होती. दोन पुस्तकांचा कणा आतल्या बाजूला वळलेला होता, ती कोणती ते कळलं नाही, म्हणून ती कशातच धरली नाहीत. कपाटाच्या डोक्यावर, कुलपाच्या बाहेर, गाईडं रचलेली होती. ती चौतीस. ती कुणीही न्यावीत.

“सर, कपाट कधी उघडेल?” मी जुलैत विचारलं.

“तपासणीची समिती येऊन जाऊ दे,” हेमकांत सर म्हणाले. ते विभागप्रमुख. “पुस्तकं जागेवर दिसली पाहिजेत. तुम्ही पोरं नेता आणि आणत नाही.”

समिती गणपतीनंतर येणार होती. मग दिवाळीनंतर. दरम्यान आम्ही अभ्यास करत होतो. म्हणजे काय, ते सांगते. चार पेपर. प्रत्येक पेपरला दोन असाइनमेंट, प्रत्येकी कमीत कमी दहा पानं, हातानं लिहिलेली. एक सेमिनार. वर एक चाचणी. म्हणजे न पाहिलेल्या पुस्तकांवर सत्रात ऐंशी पानं लिहायची. मी तापीकाठच्या गावातून येते, एसटीत उभं राहून. घरी गेल्यावर केळीच्या घडांचा हिशेब बाबांना करून द्यायचा असतो. उरलेल्या वेळात ऐंशी पानं लिहून होतात किंवा एक पुस्तक वाचून होतं. दोन्ही होत नाहीत. मी तीन आठवडे प्रयत्न करून पाहिला.

वर्गात यावर कुणालाच अडचण नव्हती. “गाईडातूनच लिहा,” सर सांगायचे, “पण शब्द थोडे बदला. ‘उत्कट’च्या जागी ‘भावोत्कट’ लिहा.” सगळे ‘भावोत्कट’ लिहायचे. तेहतीस असाइनमेंटांत तेहतीस भावोत्कट.

मी बी.एस्सी. रसायनशास्त्रातून केली. तिथेही चोऱ्या होत्या. टायट्रेशनची रीडिंगं शेजाऱ्याच्या वहीतून उतरवणारी मुलं मी पाहिली आहेत. पण टेबलावर थेंब मोजायची ब्युरेट तरी असायची. कुणाला खरंच करून पाहायचं असेल तर पाहता यायचं. इथे ब्युरेट कपाटात, कपाटाला कुलूप आणि रीडिंग गाईडात छापलेलं. मी बाबांशी वर्षभर भांडून मराठीला आले होते. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये जागा होती, ती सोडली होती. मला गोष्टी कशा लिहिल्या जातात ते शिकायचं होतं. बाबांनी एकच अट घातली होती: एकही पेपर राहिला, तर दुसऱ्या दिवसापासून कारखाना.

तिसऱ्या पेपरला ‘कोरडी पाटचारी’ नावाची कादंबरी आहे. आपल्याच भागातली, दुष्काळातलं गाव, अनुसया नावाची विधवा, तिचा मुलगा दोधू आणि मुलगी कोकिळा. निवेदन प्रमाण मराठीत, संवाद अहिराणीत. मला एवढं गाईडावरून माहीत होतं. गाईड हेमकांत सरांचं स्वतःचं, सातवी आवृत्ती, मुखपृष्ठावर त्यांचा फोटो. त्यात या कादंबरीवरचा हमखास प्रश्न ठळक अक्षरांत आहे: ‘‘कोरडी पाटचारी’मधील पुत्रप्रेमाचे स्वरूप स्पष्ट करा.’ उत्तराचा शेवट असा:

‘मृत्यूच्या दारातही माता आपल्या पुत्रालाच हाक मारते. “आंडेर (मुला), पानी...” हे तिचे अखेरचे शब्द म्हणजे पुत्रप्रेमाचा उत्कट आविष्कार होय.’

मी ते वाक्य दोनदा वाचलं. घरी आम्ही गुजरी बोलतो. पण शेतातल्या बाया, दूधवाला, बसचा कंडक्टर, अर्धा नंदुरबार बाजार अहिराणी बोलतो आणि त्यांच्याशी आम्हीही. आंडोर म्हणजे मुलगा. आंडेर म्हणजे मुलगी. हे नंदुरबारमध्ये शाळेत न गेलेल्या पोरालाही माहीत असतं.

दोनच शक्यता होत्या. एक, कादंबरीत ‘आंडोर’ असेल आणि गाईडात काना पडला असेल. दोन, कादंबरीतच ‘आंडेर’ असेल. मूळ पुस्तक पाहिल्याशिवाय सांगता येत नव्हतं. आणि मूळ पुस्तक काचेच्या आत, तिसऱ्या फळीवर, डावीकडून सातवं.

ते मला अतिकामुळे मिळालं. अतिका माझ्या बाकावर बसते. तिचे वडील, मेहबूबचाचा, बुकबाइंडर आहेत. त्यांच्या घरात तीन पिढ्या हेच काम. ऑक्टोबरच्या शेवटी ती कानात म्हणाली, “कॉलेजनं समितीसाठी फाटकी पुस्तकं बांधायला दिलीत. तुझी पाटचारी आमच्या दुकानात आहे. शनिवारपर्यंत.”

मी तीन दिवस असाइनमेंट लिहिली नाही. कॉलेज सुटलं की चाचांच्या दुकानात, सरसाच्या वासात, कागदाच्या रिमावर बसून वाचायचं.

“बेटा, ये किताब फटी नहीं है,” चाचा पहिल्याच दिवशी म्हणाले. त्यांनी ती माझ्यासमोर उघडली. शिवणीतून कड् असा आवाज आला. “देख. खुलीच नहीं कभी. दीमक ने खाया, बस. पढने वाले ने नहीं.”

“अब्बू, तुम्ही बांधा ना,” अतिका म्हणाली. “तिला आधीच राग आलाय.”

“राग आया तो अच्छा है. पन्ने जल्दी पलटेगी.”

खरंच भरभर उलटत होते. पहिल्या दिवशी मी शब्द शोधत वाचलं. दुसऱ्या दिवशी शब्द विसरले. पुस्तक चांगलं होतं. इतकं चांगलं पुस्तक वीस वर्षं अभ्यासक्रमात आहे आणि आमच्या इमारतीत ते कुणी उघडलेलं नाही, या विचारानं मला दोनदा उठून बाहेर जावं लागलं.

अनुसया आपल्या मुलाला सारखी हाक मारते. आंडोर, जेव. आंडोर, तठे नको जाऊ. मुलीला ती कधीच हाक मारत नाही. फक्त कामं सांगते. पानी आन. चुल्हा पेटाव. लेखक कोकिळाबद्दल जवळजवळ काही लिहीत नाही; ती फक्त प्रत्येक प्रसंगात काहीतरी उचलत किंवा ठेवत असते. मुलगा सुरतेला जातो आणि येत नाही. आई अंथरुणाला खिळते. पोरगी शेवटपर्यंत तिच्याजवळ. आणि शेवटच्या पानावर, तीनशे पानांत पहिल्यांदा, आई तिला हाक मारते.

“आंडेर... पानी.”

पुस्तक तिथे संपतं.

मी पुस्तक मिटलं आणि पुन्हा पहिल्या पानापासून, या वेळी पेन्सिल न टेकवता, फक्त बोट ठेवून मोजत गेले. ‘आंडोर’ एकेचाळीस वेळा. ‘आंडेर’ तीन वेळा. त्यांतल्या दोन वेळा शेजारणीच्या तोंडी: “तुन्ही आंडेर उनी व्हती.” ‘उनी’ म्हणजे ‘आली’; क्रियापद स्त्रीलिंगी. तिसऱ्यांदा आईच्या तोंडी, शेवटी. छापखान्यात एखादा काना पडू शकतो. पण काना पडला म्हणून ‘तुन्हा’चं ‘तुन्ही’ आणि ‘उना’चं ‘उनी’ होत नाही.

म्हणजे गाईडात पुस्तकाचा शेवट उलटा होता. आणि सात आवृत्त्या, म्हणजे किती मुलांनी, ज्यांच्या आया त्यांच्या बहिणींना रोज याच शब्दानं हाका मारतात, त्यांनी परीक्षेत लिहिलं की आंडेर म्हणजे मुलगा.

सोमवारी पहिला तास रिकामा होता. मी फळ्यावर दोन्ही शब्द लिहिले आणि सगळं सांगितलं.

“ओ सायंटिस्ट ताई,” मागून लखन म्हणाला, “फळा पुसी टाक, सर येतीन.” लखन दोंडाईच्याच्या रस्त्यावरच्या गावातला, वर्गात पहिला येतो.

“तुझी आई तुझ्या बहिणीला काय म्हणते?”

“आंडेर म्हनस. मंग?”

“मग तू असाइनमेंटमध्ये काय लिहिलंस?”

“मुलगा.” सगळे हसले. तोही हसला. “आते तू माले येडा ठराव. अवं, मन्ही माय पेपर तपासनार शे का?”

“तुला माहीत होतं आणि तू तरी लिहिलंस?”

“मी वाचनंच नही, लिखनं फक्त.” परत हशा. मग तो जरा गंभीर झाला. “आयक. घरना शब्द घरमा. परीक्षामा गाईड. इतलं सोपं शे. तुले कसाले तरास?”

मला त्रास कशाचा होता ते मी त्याला सांगू शकले नाही, कारण माझा आवाज चढला होता आणि तोंडात भलतेच शब्द येत होते. पुढच्या बाकावरून जान्यानं विचारलं, “ताई, दुसऱ्या ठिकाणी क्रियापद कोणतं आहे? परत सांग.” जान्या तोरणमाळकडचा, घरी पावरी बोलतो. मराठी तो शाळेत शिकला आणि अहिराणी नंदुरबारच्या होस्टेलमध्ये. मी ‘उनी’ लिहिलं. त्यानं ते वहीत उतरवलं आणि खाली रेघ मारली.

“झालं, एक शिष्य मिळाला,” कुणीतरी म्हणालं.

दुपारी मी सरांच्या केबिनमध्ये गेले. आत कपाटाची किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला लटकत होती.

“मुद्रणदोष,” सर ऐकून म्हणाले. त्यांनी गाईड हातातही घेतलं नाही. “एक काना राहिला. पुढच्या आवृत्तीत बघू.”

“गाईडात नाही, सर. कादंबरीतच आंडेर आहे. तीनदा.”

“मग कादंबरीत मुद्रणदोष.”

“तीनदा? आणि क्रियापदासकट?”

“तू सायन्सची, बाळा.” ते हसले. हेमकांत सर वाईट वागणारे नाहीत. वर्गात कधी ओरडत नाहीत, चहा आला तर विद्यार्थ्याला अर्धा देतात. “साहित्यात असं मोजायचं नसतं. आशय पाहायचा असतो. माता, पुत्र, विरह. तू शब्दाला चिकटलीस.”

“सर, आशयच बदलतो. तिने आयुष्यभर मुलीला हाक मारलेली नाही. शेवटचा शब्द तिला आहे. पुत्रप्रेम कुठे आहे? मुलगा आलासुद्धा नाही.”

“म्हणूनच पुत्रविरह.”

“सर, तुम्ही कादंबरी वाचली आहे ना?”

हे मी विचारायला नको होतं, असं अतिका नंतर म्हणाली. मला तसं वाटत नाही. सरांचं उत्तर यायच्या आत त्यांचा फोन वाजला. त्यांनी हात करून मला थांबवलं आणि खुर्ची खिडकीकडे वळवली.

“हां माय, बोल,” सर म्हणाले. आवाज एकदम वेगळा झाला, मोठा आणि मोकळा. सरांचं गाव साक्रीकडचं, आई तिथेच असते. “हुई गयं, हुई गयं अॅडमिशन. नाशिकले. हां, आंडेरनंच. आंडोर कसाना जास, तो मोबाइल खेळी ऱ्हायना. ... नही वं माय, रडू नको. मन्ही आंडेर हुशार शे, एकली राही लेई. ... हां. येस मी रविवारले.”

त्यांनी फोन ठेवला आणि खुर्ची परत वळवली. मी तिथेच उभी होते. त्यांच्या लक्षात आलं की नाही हे मला पहिल्या क्षणी कळलं नाही. मग त्यांनी टेबलावरचं पेन उचललं, टोपण काढलं, परत लावलं.

“सर,” मी म्हणाले, “नाशिकला कोण चाललंय?”

“हा उद्धटपणा आहे.”

“मी फक्त अर्थ विचारतेय.”

“घरात आपण काय बोलतो आणि साहित्यात शब्द काय होऊन येतो, यात फरक असतो.” ते आता माझ्याकडे पाहत नव्हते. “ती बोली आहे. ही नेमलेली कादंबरी आहे. हे तुला एम.ए. झाल्यावर कळेल.”

“मग सर, वर्गात एकदा एवढंच सांगा, की दोन अर्थ संभवतात.”

“वीस वर्षं मी हे शिकवतोय. सात आवृत्त्या. धुळ्यात, जळगावात पोरं यावर पास झालीत. आता मी उभं राहून सांगू की मला आंडेर म्हणजे काय ते कळत नाही? मला?” शेवटच्या शब्दावर त्यांचा आवाज फुटला. त्यांनाही राग आला होता. पण माझा आणि त्यांचा राग एका वस्तूवर नव्हता. “चाचणी बुधवारी आहे. मॉडेल आन्सर ठरलेलं आहे. वीसपैकी आठ लागतात पास व्हायला, नाही तर पेपर राहतो. मुद्दे जुळले की गुण, नाही जुळले की नाही. मी कुणावर अन्याय करत नाही.”

बाहेर आल्यावर मी कपाटावरच्या चौतीस गाईडांतली जुनी काढून पाहिली. खालून तिसरं बावीस वर्षांपूर्वीचं, दुसऱ्याच कुणाचं, लांबच्या शहरातलं. त्यात तेच वाक्य होतं. ‘मृत्यूच्या दारातही माता.’ स्वल्पविरामासकट. कंसातल्या ‘मुला’सकट. त्या लेखकाला अहिराणी येत नव्हती. त्यानं अंदाज केला आणि तो चुकला. असं होतं. ज्याला तो शब्द आईच्या दुधाबरोबर मिळाला, त्यानं ते वाक्य उचलून आपल्या नावावर छापलं आणि उचलताना वाचलं नाही. या दोन चुकांना प्रयोगशाळेत एकच नाव देत नाहीत.

मंगळवारी अतिका माझ्याबरोबर स्टँडपर्यंत आली.

“मी मुलगा लिहिणार,” ती म्हणाली. “तुला आधीच सांगते. मागून कळायला नको.”

“तू माझ्याबरोबर शेवटचं पान वाचलंस. रडलीस.”

“रडले. पण साठ टक्के आले तर बी.एड., नाही आले तर मामूच्या गावचं स्थळ. अब्बूंनी पुस्तकं बांधून फी भरलीय, नूतन. माझ्याकडे चुकायला एक पेपरसुद्धा नाही.”

“चुकायला नाही म्हणून चूक लिहिणार?”

“हो.” तिने माझी पिशवी ओढली. “आणि तूही लिही. शंभर वेळा तुझं खरं. पण उद्या एक दिवस त्या बाईला मुलालाच हाक मारू दे. तिचं काय जातंय, ती मेलीय. तू कारखान्यात मळी तपासत बसशील.”

“ती मुलगी जिवंत आहे ना,” मी म्हणाले.

“कोणती?”

“कोकिळा. तिला हाक मारलीय.”

अतिकानं माझी पिशवी सोडली. “बस आली तुझी,” ती म्हणाली.

चाचणीत तोच प्रश्न आला. वीस गुण, एक तास. मी सहा पानं लिहिली. आधी लिहिलं की प्रश्नात गृहीत धरलेली गोष्ट कादंबरीत नाही. मग एकेचाळीस आणि तीन. मग ‘आंडेर’ची तिन्ही वाक्यं, पान क्रमांकांसह. मग शेजारणीचं ‘उनी’. मग ज्या प्रसंगांत कोकिळा काहीतरी उचलते त्यांची नोंद: घागर, गोवरी, भावाची वळकटी, आईचं डोकं. शेवटी एक परिच्छेद, ज्यात मी काही सिद्ध केलं नाही. फक्त लिहिलं की ती हाक ऐकून कोकिळानं काय केलं हे लेखकानं सांगितलेलं नाही आणि मला वाटतं की ती पाणी आणायला लगेच उठली नसेल. हा परिच्छेद लिहिताना मला कळलं की मी कारखाना सोडून इथे कशासाठी आले होते. घंटा झाली तेव्हा माझं पेन कागदात रुतलं होतं आणि खालच्या पानावर ओरखडा उठला होता.

दहा दिवसांनी सरांनी उत्तरपत्रिका पाहायला आणि सही करायला वर्गात दिल्या. माझ्या सहा पानांवर पाचव्या पानापर्यंत लाल खूण नव्हती. शेवटच्या परिच्छेदाशेजारी समासात लिहिलं होतं: ‘विषयांतर’. सर टेबलाजवळ उभे राहून हजेरीपट भरत होते. मी सही केली नाही, तेव्हा त्यांनी नाव न घेता “राहिलेल्यांनी सह्या करा” असं सांगितलं.

मी उठले आणि प्रत्येक बाकापाशी गेले. “आंडेरचा अर्थ काय लिहिलास?” एवढाच प्रश्न विचारला. काहींनी उत्तरपत्रिका पुढे केली, काहींनी तोंडानं सांगितलं. त्यांची मी पाहून खात्री केली. एकीनं कागद छातीशी धरला, मग दाखवला. लखननं स्वतःहून दाखवला.

“मी ‘अपत्य’ लिखं,” तो हळू आवाजात म्हणाला. हसत नव्हता. “तू इतली बोंबलनी, मंग ‘मुलगा’ लिखता हातच चालना नही. पन ‘मुलगी’ लिखानी हिंमत बी नही हुयनी.”

सर्व तेहतीस उत्तरपत्रिका पाहून झाल्या. ‘मुलगा’ लिहिणारे तीस. त्यांचे सरासरी गुण पंधरा पूर्णांक तीन. ‘अपत्य’ लिहिणारा एक, गुण अकरा. ‘मुलगी’ लिहिणारे दोन: जान्या पाच, मी चार.